'डेकोरेशन डे' : एका स्मृतिदिनाचे स्मरण आणि विस्मरण

पदव्युत्तर वर्गाला महात्मा फुले यांची 'गुलामगिरी' शिकवताना आम्ही पहिला तास नेहमी अर्पणपत्रिकेसाठी राखून ठेवतो. १८७३ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक जोतीरावांनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सज्जनांना अर्पण केले. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्या लोकांनी जो निरपेक्ष त्याग केला त्याचा गौरव करून, शूद्रांना दास्यातून सोडवण्याच्या कामी आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी तेथे व्यक्त केली आहे. पुण्यात राहून लिहिणाऱ्या लेखकाला सातासमुद्रापलीकडचे एक युद्ध इतके आपले का वाटावे, हा प्रश्न वर्गापुढे टाकला की तास रंगतो.

काही वर्षांपूर्वी मात्र प्रश्न उलट दिशेने आला. एका विद्यार्थिनीने विचारले, की ज्या त्यागाचा फुल्यांनी गौरव केला तो करताना जे मेले, त्यांची आठवण खुद्द त्या देशात कशी ठेवली जाते? आणि त्या आठवणीत गुलामांचे नाव येते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ तयार होते : 'मेमोरियल डे', मे महिन्याचा शेवटचा सोमवार, देशभर सार्वजनिक सुटी. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ते शोधताना जे हाती लागले, ते इतिहासाचे असले तरी साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये असे आहे. एखाद्या घटनेचा अर्थ कोण सांगतो, कोणत्या शब्दांत सांगतो आणि सांगताना काय गाळतो, हे प्रश्न आपल्या रोजच्या व्यवहारातलेच आहेत.

१

अमेरिकन यादवी युद्धाची सुरुवात १२ एप्रिल १८६१ रोजी दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन बंदरात, फोर्ट सम्टर या किल्ल्यावरील तोफांच्या माऱ्याने झाली. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांनी शरणागती पत्करली आणि पुढच्या काही आठवड्यांत युद्ध संपले. या चार वर्षांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ६ लाख २० हजार सैनिक मृत्युमुखी पडले, हा आकडा दीर्घकाळ प्रमाण मानला जात होता. २०११ मध्ये जनगणनेच्या आधारे झालेल्या एका अभ्यासाने तो साडेसात लाखांपर्यंत नेला. १८६० साली त्या देशाची लोकसंख्या सव्वातीन कोटींहूनही कमी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे भय कळते. गोळीने मेले त्यांच्यापेक्षा रोगराईने मेलेले अधिक होते.

या युद्धाचे धागे मराठी मुलखापर्यंतही पोहोचले होते. दक्षिणेतील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत नव्या बँका, कंपन्या आणि समुद्र हटवण्याच्या योजना यांचे पेव फुटले. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि तो सारा डोलारा कोसळला. ज्या वार्तेने तिकडे चाळीस लाख गुलामांच्या आयुष्यात पहाट झाली, तिनेच इकडे शेअरबाजारात दिवाळे वाजवले. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी हे युद्ध कापसाच्या भावावरून वाचले, फुल्यांनी माणसाच्या दास्यावरून. एकाच घटनेची दोन वाचने समकालीनच होती, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवलेले बरे.

युद्ध सुरू झाले तेव्हा मेलेल्यांची व्यवस्था करणारी यंत्रणाच त्या देशात नव्हती. सैनिकांच्या गळ्यात सरकारी ओळखपट्टी नव्हती आणि घरी रीतसर कळवण्याची पद्धत नव्हती. काही शिपाई लढाईपूर्वी कागदाच्या कपट्यावर नाव लिहून तो अंगरख्याला टाचून ठेवत. राष्ट्रीय दफनभूमी स्थापण्याचा कायदा जुलै १८६२ मध्ये झाला. युद्ध संपल्यावर, रणांगणावर आणि रस्त्याकडेला घाईने पुरलेली उत्तरेच्या सैनिकांची प्रेते उकरून ती या दफनभूमींत नेण्याचे काम १८७१ पर्यंत चालले. तीन लाखांहून अधिक सैनिकांचे असे पुनर्दफन झाले आणि त्यांपैकी जेमतेम निम्म्यांचीच ओळख पटू शकली. उरलेल्यांच्या माथ्यावर क्रमांक आला.

मृत्यूची तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी आपल्याकडे सर्वपित्री अमावास्येची सोय आहे. घराण्यातील विस्मृत, अज्ञात अशा सर्वांना त्या दिवशी पान वाढले जाते. अमेरिकेतील लाखो घरांपुढे १८६५ साली काहीसा असाच प्रश्न उभा होता. माणूस परत आला नाही, कुठे पडला ते कळले नाही, कबर सापडली तर तिच्यावर नाव नाही. अशा वेळी सर्वांसाठी मिळून एक दिवस असावा, ही गरज कोणा एका पुढाऱ्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती, ती ठिकठिकाणी एकाच सुमारास निर्माण झाली. म्हणूनच या दिवसाचे 'जन्मस्थान' आपलेच, असा दावा सांगणारी वीस-पंचवीस गावे आज तिकडे आहेत.

२

'आद्य कोण' हा वाद मराठीच्या अभ्यासकाला नवा नाही. 'विवेकसिंधु' आधी की 'लीळाचरित्र' आधी, यावर आपण किती शाई खर्च केली आहे! अशा वादात कालनिर्णयाइतकेच महत्त्व, अमुक एक गोष्ट आद्य ठरल्याने परंपरेचा अर्थ कसा बदलतो, या प्रश्नाला असते. मेमोरियल डेच्या बाबतीत तर ते विशेषच खरे आहे.

सरकारी मान्यता आहे ती न्यूयॉर्क राज्यातील वॉटर्लू या गावाला. तेथे ५ मे १८६६ रोजी गावाने दुकाने बंद ठेवून सैनिकांच्या कबरींवर फुले वाहिली, असे मानून १९६६ साली, शताब्दीच्या निमित्ताने, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वॉटर्लूला या दिवसाचे जन्मस्थान म्हणून घोषित केले. पुढे अभ्यासकांनी या दाव्याच्या पुराव्यांबद्दल गंभीर शंका उपस्थित केल्या. दक्षिणेत जॉर्जियातील कोलंबस येथील मेरी ॲन विल्यम्स या विधवेने १८६६ च्या मार्चमध्ये वृत्तपत्रांतून आवाहन केले आणि २६ एप्रिल हा दिवस दक्षिणेच्या सैनिकांच्या कबरी सजवण्यासाठी मुक्रर झाला. त्याच सुमारास मिसिसिपीमधील कोलंबस या दुसऱ्या गावी स्त्रियांनी आपल्या माणसांबरोबर शत्रूपक्षाच्या कबरींवरही फुले ठेवली. ती वार्ता वाचून फ्रान्सिस माइल्स फिंच यांनी लिहिलेली 'द ब्लू अँड द ग्रे' ही कविता १८६७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे कित्येक दशके शाळाशाळांतून पाठ म्हटली गेली. निळा गणवेश उत्तरेचा, करडा दक्षिणेचा. दोन्ही रंगांवर सारखीच फुले, ही प्रतिमा लोकांच्या मनात घर करून बसली.

या सर्वांच्या आधी, १ मे १८६५ रोजी, चार्ल्स्टन येथे एक समारंभ झाला होता. युद्धाचा पहिला तोफगोळा जेथे सुटला तेच हे शहर. युद्धाच्या अखेरच्या वर्षी दक्षिणेच्या सैन्याने तेथील धनिकांच्या रेसकोर्सचा उपयोग उघड्यावरचा तुरुंग म्हणून केला होता. उत्तरेचे किमान २५७ कैदी ऊन, उपासमार आणि रोग यांनी तेथे मेले आणि मैदानामागे घाईने पुरले गेले. फेब्रुवारी १८६५ मध्ये दक्षिणेचे सैन्य शहर सोडून गेले. बहुतेक गोरे रहिवासीही गेले. मागे राहिले ते प्रामुख्याने नुकतेच मुक्त झालेले काळे लोक.

त्यांच्यापैकी काही कामकऱ्यांनी एप्रिल महिन्यात ती जागा साफ केली, प्रेतांचे रीतसर पुनर्दफन केले, भोवती कुंपण घालून त्याला चुना लावला आणि प्रवेशद्वाराच्या कमानीवर 'रेसकोर्सचे हुतात्मे' अशा अर्थाची अक्षरे रंगवली. मग १ मे रोजी सुमारे १० हजार लोक तेथे जमले. मिरवणुकीच्या अग्रभागी काळ्या मुलांच्या शाळांतील सुमारे तीन हजार मुले हातात गुलाब घेऊन गाणी म्हणत चालली होती. त्यांच्यामागे फुलांच्या टोपल्या घेतलेल्या स्त्रिया, मग पुरुष, मग काळ्या सैनिकांच्या पलटणी. कबरी फुलांनी इतक्या झाकल्या गेल्या की माती दिसेनाशी झाली. धर्मोपदेशकांनी पवित्र ग्रंथातील उतारे वाचले, भाषणे झाली, सैनिकांनी संचलन केले, आणि दुपारी लोकांनी हिरवळीवर बसून जेवणही केले. थोडक्यात, आज जे जे मेमोरियल डेला केले जाते ते सर्व त्या दिवशी तेथे झाले.

या समारंभाच्या बातम्या तेव्हाच्या वृत्तपत्रांत छापून आल्या होत्या. तरीही तो पुढे पूर्णपणे विसरला गेला. १९१६ च्या सुमारास दक्षिणेतील एका स्त्रीसंघटनेने चार्ल्स्टनमधील भगिनीसंस्थेला, असे काही खरोखर झाले होते काय, म्हणून विचारले. आपल्याला याविषयी अधिकृत माहिती मिळू शकली नाही, असे उत्तर गेले. घटनेला केवळ पन्नास वर्षे झाली होती, आणि त्या मिरवणुकीत चाललेली मुले तेव्हा जेमतेम साठीची असतील. विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांना १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, हार्वर्डच्या ग्रंथालयातील जुन्या सैनिकांच्या कागदपत्रांत या समारंभाचा धागा मिळाला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'रेस अँड रियुनियन' या त्यांच्या ग्रंथामुळे तो पुन्हा लोकांपुढे आला.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. चार्ल्स्टनच्या समारंभामुळेच पुढचा राष्ट्रीय दिवस सुरू झाला, असे दाखवणारा पुरावा नाही. तेव्हा 'आद्य' हा शब्द येथे केवळ कालक्रमाच्या अर्थाने घ्यावा. परंतु त्या समारंभाने एक गोष्ट निर्विवादपणे सिद्ध होते. ज्यांच्या मुक्तीसाठी युद्ध झाले असे फुल्यांना वाटले, त्या लोकांना ते तसेच वाटत होते, आणि आपल्यासाठी मेलेल्यांना मातीतून काढून सन्मानाने पुन्हा निजवण्याचे काम त्यांनी कोणी सांगण्याची वाट न पाहता केले.

३

राष्ट्रीय स्वरूप या दिवसाला आले ते १८६८ मध्ये. उत्तरेच्या माजी सैनिकांची 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' ही संघटना १८६६ मध्ये स्थापन झाली होती. तिचे प्रमुख जॉन लोगन यांनी ५ मे १८६८ रोजी एक आदेश काढून, बंडाळीच्या काळात देशाच्या रक्षणार्थ मेलेल्या सहकाऱ्यांच्या कबरी ३० मे रोजी फुलांनी सजवाव्यात, असे सांगितले. पहिला मोठा समारंभ आर्लिंग्टन येथे झाला. ही दफनभूमी मुळात सेनापती ली यांच्या पत्नीची मालमत्ता. युद्धकाळात सरकारने ती ताब्यात घेतली आणि १८६४ पासून तेथे सैनिक पुरले जाऊ लागले. १८७३ साली, म्हणजे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, न्यूयॉर्क हे या दिवसाची सुटी कायद्याने मान्य करणारे पहिले राज्य ठरले.

या दिवसाचे मूळ नाव 'डेकोरेशन डे', म्हणजे सजावटीचा, अलंकरणाचा दिवस. 'मेमोरियल डे' हे नाव हळूहळू रूढ झाले आणि १९६७ मध्ये संघराज्याच्या कायद्याने ते अधिकृत झाले. या नामांतराकडे भाषेच्या अंगाने पाहावे असे आम्हांला वाटते. 'डेकोरेशन' ही हातांनी करायची क्रिया आहे. त्यासाठी दफनभूमीपर्यंत चालत जावे लागते, गवत उपटावे लागते, फुले खुडून न्यावी लागतात, कबर कोणाची आहे ते पाहावे लागते. 'मेमोरियल' हे मनाचे काम, ते घरी बसून करता येते, आणि केले नाही तरी कोणाला कळत नाही. पहिल्या नावात कर्ता आणि कर्म दोन्ही स्पष्ट आहेत. दुसऱ्यात कशाचे स्मरण, हा प्रश्न मोकळा राहतो. पुढच्या शंभर वर्षांचा झगडा या मोकळ्या जागेतच झाला.

ती जागा मोकळी राहिली तर काय होईल, हे फ्रेडरिक डग्लस यांना फार लवकर उमगले होते. डग्लस स्वतः गुलामगिरीत जन्मलेले, पळून जाऊन स्वतंत्र झालेले, मोठे वक्ते आणि आत्मचरित्रकार. त्यांचे दोन मुलगे उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले होते. ३० मे १८७१ रोजी आर्लिंग्टन येथे, अज्ञात सैनिकांच्या स्मारकापाशी त्यांनी लहानसे भाषण केले. त्याचा आशय असा : वैरभाव वाढवण्याची आपली इच्छा नाही, दोन्ही बाजूंचे सैनिक शूर होते हेही मान्य. परंतु शौर्याच्या नावाखाली राष्ट्राच्या जिवावर उठणारे आणि राष्ट्र वाचवणारे, गुलामगिरीसाठी लढणारे आणि स्वातंत्र्यासाठी लढणारे, यांच्यातील भेद आपण विसरू नये. मेलेल्यांचा सन्मान करताना ते कशासाठी मेले हे विसरलो, तर स्मरणाला अर्थ राहत नाही.

डग्लस यांची भीती खरी ठरली. १८७७ नंतर दक्षिणेत काळ्यांचे हक्क एकेक करून काढून घेतले गेले. त्याच काळात उत्तर आणि दक्षिण यांच्यातील गोऱ्यांचा समेट घडत होता, आणि समेटाचे सर्वांत सोयीचे स्थान होते सैनिकांची कबर. दोघेही शूर, दोघेही आपापल्या परीने सच्चे, दोघांच्याही आया रडल्या, असे म्हटले की युद्धाचे कारण विचारण्याची गरज उरत नाही. १९०० मध्ये आर्लिंग्टन येथे दक्षिणेच्या सैनिकांसाठी स्वतंत्र विभाग मंजूर झाला. जुलै १९१३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईला ५० वर्षे झाली तेव्हा दोन्ही पक्षांचे मिळून ५० हजारांहून अधिक वृद्ध सैनिक तेथे जमले. ज्या दगडी भिंतीपाशी ते एकमेकांवर तुटून पडले होते तेथे त्यांनी हस्तांदोलन केले. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी तेथे भाषण केले. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले होते, पण त्यांना या चित्रात जागा नव्हती. विल्सन यांच्याच कारकिर्दीत, त्याच वर्षी, सरकारी कचेऱ्यांत गोऱ्या आणि काळ्या नोकरांना वेगळे बसवण्याचे धोरण पुढे रेटले जात होते. आर्लिंग्टनमध्ये तर मेलेल्यांनाही वंशानुसार वेगळे पुरले जाई. ते थांबले १९४८ मध्ये.

१९१४ मध्ये विल्सन यांच्या उपस्थितीत आर्लिंग्टन येथे दक्षिणेच्या सैनिकांचे एक भव्य शिल्पस्मारक उभे राहिले. त्यातील मूर्तींमध्ये मालकामागोमाग युद्धावर निघालेला इमानी गुलाम आणि मालकाच्या तान्ह्या मुलाला सांभाळणारी दासी होती. ज्यांनी एप्रिल १८६५ मध्ये स्वतःच्या हातांनी कबरी खणल्या होत्या, त्यांना स्मारकात स्थान मिळाले ते असे, इमानी नोकर म्हणून. डिसेंबर २०२३ मध्ये हे शिल्प तेथून हलवण्यात आले, आणि २०२५ मध्ये ते परत बसवण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. मेलेल्यांविषयीचे हे भांडण दीडशे वर्षांनंतरही मिटलेले नाही, हे यावरून कळावे.

४

याच जुलै १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन एक मराठी विद्यार्थी न्यूयॉर्कला पोहोचला. गेटिसबर्गचा सोहळा संपून तेव्हा दोनतीन आठवडे झाले असतील. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या मनावर तेथील स्मृतिदिनांचा काही परिणाम झाला, असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. तसा दुवा जोडणे अतिव्याप्तीचे होईल. परंतु सैनिकांच्या स्मारकाचा अर्थ बदलता येतो, याचे आपल्याकडील सर्वांत ठळक उदाहरण त्यांच्याच नावाशी निगडित आहे, म्हणून हा उल्लेख.

१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी यांच्यात लढाई झाली. कंपनीने आपल्या पराक्रमाची खूण म्हणून तेथे स्तंभ उभारून त्यावर आपल्या मृतांची नावे कोरली. त्यांत महार शिपायांची नावे बरीच आहेत. नावाअखेरच्या 'नाक' या पदावरून ती ओळखू येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या स्तंभाकडे पुरावा म्हणून बोट दाखवले. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी तेथे जाऊन अभिवादन केले, आणि तेव्हापासून तो दिवस दलित समाजाच्या स्वाभिमानाचा दिवस झाला. त्या लढाईचा अर्थ कसा लावावा याविषयी अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. २०१८ मध्ये द्विशताब्दीच्या दिवशी तेथे हिंसाचारही झाला. आमचा मुद्दा एवढाच आहे, की परक्या सत्तेने स्वतःच्या गौरवासाठी कोरलेली नावे वाचणाऱ्यांनी आपल्या इतिहासाची पाने म्हणून वाचली. चार्ल्स्टनमध्ये उलट घडले. तेथे ज्यांनी समारंभ केला त्यांच्या हातून तो निसटला. लेखणी, वृत्तपत्रे, शाळा आणि संस्था ज्यांच्या ताब्यात होत्या त्यांनी तो पुढे जपलाच नाही. फुल्यांनी विद्येविषयी जे आयुष्यभर सांगितले, त्याचाच हा एक पडताळा म्हणता येईल.

५

पहिल्या महायुद्धानंतर मेमोरियल डे हा यादवी युद्धापुरता न राहता सर्व युद्धांतील मृतांचा दिवस झाला. १९६८ च्या कायद्याने, १९७१ पासून, तो ३० मे ऐवजी मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी पाळला जाऊ लागला. हेतू असा, की नोकरदारांना सलग तीन दिवसांची सुटी मिळावी. आज तो दिवस अमेरिकेत उन्हाळ्याच्या मोसमाचा आरंभ मानला जातो. मोटारींच्या शर्यती, समुद्रकिनारे, दुकानांतील सवलतींची विक्री यांनी तो गजबजलेला असतो. त्याच कायद्याने माजी सैनिकांचा ११ नोव्हेंबर हा दिवसही सोमवारवर ढकलला होता. लोकांना ते रुचले नाही आणि १९७८ पासून तो दिवस पुन्हा ११ नोव्हेंबरवर आला. जिवंत सैनिकांना आपली तारीख परत मिळवता आली, मेलेल्यांना कोण मिळवून देणार? हवाईचे सिनेटर डॅनियल इनोये यांनी ३० मे ही तारीख परत आणण्यासाठी वारंवार विधेयके मांडली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी स्वतः एक हात गमावला होता. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले, तारीख काही बदलली नाही. २००० साली, दुपारी तीन वाजता एक मिनिट थांबून मृतांचे स्मरण करावे, असा कायदा मात्र झाला. सुटी तीन दिवसांची आणि स्मरण एक मिनिटाचे, हे प्रमाण पुरेसे बोलके आहे.

तरीही या दिवसाची थट्टा करून मोकळे होणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. दर वर्षी त्या सोमवारपूर्वी सैनिक आर्लिंग्टनमधील अडीच लाखांहून अधिक कबरींपुढे एकेक करून लहान ध्वज रोवतात. त्या दिवशी राष्ट्रध्वज दुपारपर्यंत अर्ध्यावर असतो आणि दुपारी पुन्हा वर चढवला जातो. अर्धा दिवस शोकाचा, अर्धा संकल्पाचा, अशी ही योजना. 'डेकोरेशन' या जुन्या नावातली हातांची क्रिया येथे अजून शिल्लक आहे.

आपल्याकडे युद्धात मेलेल्यांसाठी अशी राष्ट्रीय सुटी नाही. १६ डिसेंबर आणि २६ जुलै हे आपले लष्करी स्मरणाचे मोठे दिवस, आणि दोघांच्याही नावात 'विजय' आहे. ३० जानेवारीला हुतात्मा दिनी दोन मिनिटे स्तब्धता पाळतात. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनी सैनिकांच्या कल्याणासाठी निधी गोळा होतो. २०१९ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक झाले, त्याच्या भिंतींवर स्वातंत्र्योत्तर काळातील पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. सुटी नाही ही उणीव मानावी की नाही, याविषयी दुमत होऊ शकते. अमेरिकेचा अनुभव पाहता सुटीने स्मरण वाढतेच असे म्हणता येत नाही. नावे मात्र कोरली पाहिजेत, आणि कशासाठी हेही कुठेतरी लिहिले गेले पाहिजे.

चार्ल्स्टनच्या त्या रेसकोर्सवर आज उद्यान आहे. तेथील कबरी पुढे इतरत्र, राष्ट्रीय दफनभूमींत हलवण्यात आल्या. उद्यानाला नाव आहे वेड हॅम्प्टन यांचे. ते दक्षिणेचे सेनापती आणि नंतरचे राज्यपाल. १ मे १८६५ ची नोंद सांगणारा फलक तेथे लागला तो २०१० मध्ये. त्याच दक्षिण कॅरोलायना राज्यात २००० सालच्या कायद्याने १० मे हा दक्षिणेच्या सैनिकांचा स्मृतिदिन सरकारी सुटीचा दिवस झाला. त्याच कायद्याने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीचीही सुटी दिली. एकाच कागदावर दोन्ही. समेटाची ही रीत डग्लस यांना ओळखीची वाटली असती.

ज्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला होता तिला आम्ही हे सर्व पुढच्या सत्रात सांगितले. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, की आमच्या गावच्या वेशीवर तीन वीरगळ आहेत, आजी दर अमावास्येला त्यांना शेंदूर लावते, ते कोणाचे आहेत हे मात्र गावात कोणालाच माहीत नाही. वर्गात काही क्षण कोणी बोलले नाही. बहुतेक वीरगळांवर नाव नसते. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरांसोबत स्वर्गगमन, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा. वीर कोणाशी लढला, गाईंसाठी की गावासाठी की राजाच्या हट्टासाठी, ते बहुधा कळत नाही. आजीची निष्ठा खोटी नाही. पण डग्लस यांनी आर्लिंग्टनला जो प्रश्न विचारला होता त्याचे उत्तर शेंदराच्या पुटांखाली केव्हाच गेले आहे. त्यानंतर आम्ही अर्पणपत्रिकेचे पान पुन्हा उघडले. तेथे कोणाचे आभार आणि कशासाठी, ही दोन्ही उत्तरे जोतीरावांनी लिहून ठेवली होती.